दुसऱ्या खेपेचे वजन

जालन्यात मी काय काम करते, असे कोणी विचारले की उत्तर लांबते. पूर्वी ते सोपे होते. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर उपसंपादक, एवढे सांगितले की समोरचा पुढे विचारत नसे. आवृत्ती बंद झाली. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या आहेत, तिथे बसून भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामे करते. उरलेला वेळ एका छोट्या सी कंपायलरकडे जातो.

सी ही प्रोग्राम लिहिण्याची जुनी भाषा. त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवून देतो तो कंपायलर. मोठे कंपायलर सांभाळायला माणसांच्या फौजा असतात. आमचा कंपायलर मोबाइलमधल्या एखाद्या फोटोएवढ्या जागेत मावतो आणि त्याला नियमित सांभाळणारे आम्ही दोघे. दुसरा कुठे राहतो हे मला माहीत नाही. त्याचे मेल दोन ओळींचे असतात आणि त्यात खाली नावाऐवजी एकच अक्षर असते.

डेस्कवर संगणकशास्त्र शिकलेली मी एकटी होते. त्यामुळे वार्ताहरांचा जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये उतरवणारा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. कार्यालयातल्या संगणकांवर मोठा कंपायलर बसेना, म्हणून हा छोटा आणला. आवृत्ती गेली, प्रोग्रामही गेला. कंपायलर राहिला.

या कामाची अडचण अशी की कंपायलरला आपण हात लावला नाही तरी तो बिघडतो. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती येते. तिच्यात कोणीतरी एक नियम बदललेला असतो. एक सिस्टीम म्हणते, मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येते त्या पानावरून आज्ञा चालवता येणार नाहीत. दुसरी म्हणते, सही नसलेला प्रोग्राम सुरूच होणार नाही. तिसरी वेळ मोजण्याचे जुने माप बदलते, कारण त्यातला सेकंदांचा रकाना काही वर्षांनी भरून जाणार आहे. हे नियम चुकीचे नसतात. फक्त ते मोठ्या कंपायलरांना विचारून केलेले असतात. आमच्यासारख्यांना ते कळतात ते कोणाचा तरी प्रोग्राम बंद पडल्यावर. सकाळी चहाच्याही आधी मी मेल उघडते, ते यासाठी. डेस्कवर असताना पान छपाईला गेले की दिवस संपत असे. इथे पान कधीच जात नाही.

शहागडचा भाई हा आमच्या कंपायलरचा जालना जिल्ह्यातला, माझ्या माहितीप्रमाणे, एकमेव ग्राहक. तो आमच्याच कार्यालयात पाने लावणारा ऑपरेटर होता. घरी उर्दू, कार्यालयात मराठी आणि संगणकाशी शिव्यांची भाषा, असे त्याचे तीन कप्पे होते. सी शिकला तो माझ्या शेजारी बसून, पाने लागायची वाट पाहता पाहता. आवृत्ती बंद झाल्यावर त्याने हायवेच्या कडेला, घरच्या जमिनीवर वजनकाटा टाकला. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, कापसाच्या ट्रॉल्या. काट्याचा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. विकतचा मिळत होता, पण भाई म्हणाला, "दुसऱ्यानं लिहिलेल्या आकड्यावर मी सही का करू?"

तो प्रोग्राम कसा चालतो हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ट्रॅक्टर माल भरून काट्यावर येतो. त्याचे वजन घेतले की गाडीच्या नंबराने एक फाइल तयार होते. ट्रॅक्टर पलीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापूस उतरवतो आणि रिकामा परत काट्यावर येतो. प्रोग्राम त्या नंबराची सर्वांत ताजी फाइल शोधतो, भरतीच्या वजनातून खालीचे, म्हणजे रिकाम्या गाडीचे, वजन वजा करतो आणि पावती छापतो. फाइल लगेच पुसली जात नाही. ती दिवसभर राहते, कारण ड्रायव्हर पावत्या हरवतात. हायवेवर वारा असतो, खिशाला भोक असते, पावतीवर तंबाखू मळलेली असते. "भाई, उडाली, दुसरी द्या," हे वाक्य त्या केबिनमध्ये रोज ऐकू येते. रात्री काटा बंद करताना दिवसाच्या फाइली पुसल्या जातात.

यंत्र म्हणजे हाताच्या पंजाएवढा एक बोर्ड. उन्हाळ्यात त्याचे मेमरी कार्ड गेले. नव्या कार्डावर जुनी सिस्टीम बसेना, म्हणून भाईने नवी टाकली. नव्या सिस्टीमने वेळेचे माप मोठे केले होते. आमच्या कंपायलरने पहिल्याच फटक्यात शंभरभर चुका दाखवल्या. त्या दूर करण्यात माझे आणि त्या एका अक्षराच्या माणसाचे बरेच दिवस गेले. शेवटी एक दिवस भाईचा प्रोग्राम एकही तक्रार न करता चालू झाला.

"झालं ताई," तो फोनवर म्हणाला. "बिलकुल चूप हाय."

माझ्याकडच्या चाचण्या सगळ्या पास होत्या. पण माझे यंत्र मोठे, त्याचे छोटे, आणि वेळेचे माप बदलले होते ते छोट्या यंत्रांवरच. मी चाचण्या पुन्हा चालवल्या. पुन्हा पास. आमच्या डेस्कवर एका तालुक्याच्या वार्ताहराची कॉपी नेहमी खाडाखोड नसलेली यायची. ती प्रमुख आम्हाला दोनदा वाचायला लावत. मी त्या आठवड्यात कंपायलरचा बदललेला भाग तीनदा वाचला. काही दिसले नाही आणि चैनही पडली नाही.

कापसाचा हंगाम सुरू झाला आणि भाईचा फोन आला. आवाज खाली होता. असा तो कधी बोलत नाही.

"ताई, शेठ केबिनमधी बसलेत. तुम्ही येता का?"

"काय झालं?"

"मला चोर म्हणून राह्यले. तोंडानं न्हाई म्हणले अजून. पण चहा घेईनात."

अंबडमार्गे बस पकडली. गाडी वाटेत प्रत्येक फाट्यावर थांबत होती. मी मांडीवर लॅपटॉप उघडून कंपायलरच्या त्याच ओळी पाहत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे पाहत होती. शहागडला उतरून काट्यापर्यंत चालत गेले.

केबिनमध्ये शेठ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. जिनिंग त्यांची. राजस्थानातून आलेले घराणे, पण ते कधी आले हे घरातल्या कोणालाही नीट सांगता येत नाही, इतके जुने. त्यांच्या जिनिंगला येणारा माल भाईच्याच काट्यावर तोलला जाई. शेठ एखाद्या काट्याची पावती मानतात की नाही, यावर आसपासचे व्यापारी आपले ठरवत. भाईच्या दृष्टीने प्रश्न एका गिऱ्हाइकाचा नव्हता.

"घ्या, पेपरवाल्या बाई आल्या," शेठ म्हणाले. "आता उद्या छापून येईल, शेठ खोटं बोलतो."

"पेपर बंद पडला शेठ," भाई म्हणाला. "आता माझं फक्त पावतीवर छापून येतं."

"तेच तर चुकीचं छापून येऊन राह्यलं ना बाबा."

हकीकत अशी. आदल्या दिवशी तीर्थपुरीकडच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दोन खेपा घेऊन आला होता. पहिल्या खेपेला ट्रॉली गच्च भरलेली होती. दुसऱ्या खेपेला उरलासुरला कापूस होता, फळीच्याही खाली. शेठ त्या वेळी जिनिंगच्या दारात उभे होते. पावती आली ती भरल्या ट्रॉलीची.

"मी म्हणलं, माझे डोळे गेले का?" शेठ सांगत होते. "मंग मी पडताळा घेतला."

पडताळा हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. काट्यावर संशय आला की तीच भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर न्यायची आणि दोन्ही आकडे जुळवायचे. शेठनी मी पोहोचले त्याच दिवशी सकाळी एक भरलेला ट्रक आधी पुलाकडच्या काट्यावर नेला आणि मग भाईच्या. दोन्हींचे वजन सारखे आले. भाईला वाटले आपण सुटलो. शेठ म्हणाले, आता पकडला.

"काटा सोन्यासारखा बराबर हाय," ते म्हणाले. "लोखंडाची चूक न्हाई. मंग चूक कोणाची? माणसाची."

पडताळ्याने काटा निर्दोष ठरवला होता आणि म्हणूनच काटेवाला दोषी ठरला होता. वजन खरे, पावती खोटी. मधे भाई एकटा.

"कॉम्प्युटरचं काहीतरी हाय शेठ," भाई म्हणाला.

"भाई, हे मला सगळेच सांगतात. बिल जास्त आलं तरी कॉम्प्युटर, पैसे कमी आले तरी कॉम्प्युटर. तू तरी नको सांगू." ते उठले नाहीत, पण चप्पल पायात सरकवली. "उद्यापासून माझा माल पुलाकडं. आज दुपारपर्यंत बसतो. तुझ्या बापाचा अन् माझा दोस्ताना होता म्हणून."

मी भाईच्या खुर्चीत बसले. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. ताजी फाइल शोधताना प्रत्येक फाइलची वेळ कोणती दिसते, ती पडद्यावर दाखवायची. त्या सकाळी दुसऱ्या एका ट्रॅक्टरच्या दोन खेपा झाल्या होत्या. दोन फाइली होत्या. दोन्हींची वेळ एकच दिसली, आणि तीही अर्थ नसलेला एक आकडा. मग सिस्टीमच्या साध्या आज्ञेने त्याच फाइलींची यादी काढली. तिथे वेळा वेगवेगळ्या होत्या आणि बरोबर होत्या.

सिस्टीमला खरी वेळ माहीत होती. प्रोग्रामला दुसरेच काहीतरी ऐकू येत होते. मधे आमचा कंपायलर होता.

त्यानंतर फार शोधावे लागले नाही. कुठे पाहायचे ते कळले होते. भाई माझ्या मागे उभा होता.

"समजंल असं सांगा," तो म्हणाला. "शेठ ऐकून राह्यले."

"सिस्टीम प्रत्येक कामासाठी एक पाटी लावते," मी म्हणाले. "फाइलची माहिती हवी असेल तर या नावानं मागा. नवीन सिस्टीमनं त्याच पाटीवर खाली लिहिलंय, की नाव जुनंच, पण आता आतल्या नव्या खिडकीवर जा. आपला कंपायलर नाव वाचतो. खालचं लिहिलेलं सोडून देतो. जातो जुन्या खिडकीवर. तिथला माणूस जुन्या आखणीचा कागद भरून देतो. आपण तो नव्या आखणीनं वाचतो. वेळेच्या रकान्यात भलतंच येतं."

"म्हणजे तहसीलसारखं."

"तसंच."

"मंग खालचं वाचत का न्हाई तो?"

"त्याची पद्धतच आहे. जे समजत नाही आणि ज्यावाचून अडत नाही असं वाटतं, ते गाळून पुढं जायचं. म्हणून तर तो इतका लहान आहे."

भाईने मान हलवली. "आपल्या डेस्कवर बी असंच. वार्ताहराचं समजलं न्हाई की ओळ गायब. अन् दुसऱ्या दिवशी तो माणूस काठी घेऊन दारात."

एक खेप करणाऱ्या गाडीची एकच फाइल असते, त्यामुळे तिला काही होत नव्हते. दोन खेपा झाल्या की दोन फाइलींची वेळ सारखीच दिसायची आणि प्रोग्राम आधी हाताला लागेल ती फाइल घ्यायचा. कोणती आधी हाताला लागेल याचा नियम नव्हता. कधी बरोबर, कधी चूक. पावती शेतकऱ्याच्या बाजूने चुकत होती, तशीच शेठच्या बाजूनेही चुकत असणार.

"मला ओळी नका दाखवू बाई," शेठ म्हणाले. "माझ्यासमोर चुकवून दाखवा."

त्यांनी जिनिंगमधून स्वतःची ट्रॉली मागवली. पहिल्या खेपेला वीस क्विंटल सरकीची पोती भरली, काट्यावर घेतली, पोती उतरवून रिकामी ट्रॉली घेतली. पावती बरोबर. दुसऱ्या खेपेला त्यांनी ट्रॉलीत काहीच भरले नाही, फक्त दोन हमाल उभे केले. भरतीचे वजन झाले. हमाल खाली उतरले. खालीचे वजन झाले. पावती निघाली.

दोन माणसांचे वजन. अगदी बरोबर.

शेठनी पावती उजेडाकडे धरून पाहिली आणि भाईच्या टेबलावर ठेवली. "बराबर आलं की," ते म्हणाले आणि उभे राहिले.

चूक दर वेळी होत नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते. आता सांगितले असते तर ती सबब झाली असती. बाहेर उसाची गाडी हॉर्न वाजवत होती.

"शेठ, अजून एक," भाई म्हणाला. "एकच."

"किती करशील?"

"एकच म्हणलं ना."

या वेळी एकच हमाल चढला, बाकीचे हसायला लागले. ट्रॉली काट्यावर आली. तो उडी मारून उतरला. रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर. यंत्राने क्षणभर थांबून पावती सोडली.

शेठनी ती वाचली. मग हमालाला हाक मारली.

"अरे, वीस क्विंटल भरला तू. काय खातो रे घरी?"

"ज्वारीच खातो मालक."

"मंग माझ्या घरी पाठव ती ज्वारी." ते पुन्हा खुर्चीत बसले. भाईने चहा मागवला. या वेळी शेठनी घेतला.

पाटीवरचे खालचे लिखाण वाचायला कंपायलरला शिकवणे, हे काम ओळींच्या हिशोबात लहान निघाले. तिथेच बसून केले. प्रोग्राम पुन्हा चालू केला. फाइलींच्या वेळा आता वेगवेगळ्या दिसत होत्या आणि सिस्टीमच्या यादीशी जुळत होत्या. माझ्यासाठी पुरावा तो होता. शेठनी मात्र हमालांना आणखी काही वेळा चढायला आणि उतरायला लावले. एक जण म्हणाला, "मालक, माझं एकट्याचं कागदावर द्या. घरी दाखवतो."

"मशीनचं कळलं," शेठ शेवटी म्हणाले. "पण आधीच्या पावत्यांचं काय?"

हंगाम सुरू झाल्यापासून दुसरी खेप केलेल्या किती गाड्यांची पावती चुकली, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. फाइली रोज रात्री पुसल्या जात होत्या. मी भाईकडे पाहिले. तो बाहेर काट्याकडे पाहत होता.

"तुमचा माल कोणी ज्यादा दाखवून गेला असंल शेठ," तो म्हणाला. "तुम्हाला बी अन् मला बी कळणार न्हाई. पण ज्याचं कमी लागलं त्याला सांगावं लागंल. मी सांगतो."

"कसं सांगशील? गावोगाव फिरशील?"

"आपल्या पेपरात चूक झाली की खुलासा छापायचे," भाई माझ्याकडे वळून म्हणाला. "कुठं छापायचे ताई?"

"आत. तळाशी."

"मी दर्शनी लावतो."

दुसऱ्या दिवशी केबिनच्या हायवेकडच्या भिंतीवर त्याने रंगाने लिहून घेतले. या हंगामात ज्यांची दुसरी खेप इथे तोलली त्यांनी पावती घेऊन यावे, चूक काट्याची नसून हिशोबाच्या प्रोग्रामची आहे, जबाबदारी काटेवाल्याची. अक्षरे मोठी होती. ट्रकवाले वेग कमी करून वाचत. पुलाकडच्या काटेवाल्यानेही येऊन वाचले, म्हणे. भाईने त्यालाही चहा पाजला.

लोक आले. ज्यांचे वजन कमी लागले होते असे वाटत होते, ते आले. त्यांच्या आठवणी, त्यांच्या ट्रॉल्या, शेठची आवक, असे सगळे जुळवून भाई आणि शेठचा मुनीम तोडगा काढत. ज्यांचे जास्त लागले होते त्यांच्यातला एकही आला नाही. आला नाही याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही. भाई म्हणाला, "त्यांच्या पावत्या उडाल्या."

शेठचा माल पुलाकडे गेला नाही. पण तो पूर्वीसारखाही आला नाही. प्रत्येक खेपेला शेठचा मुनीम केबिनमध्ये येऊन उभा राही. काट्याचे वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा आकडा स्वतःच्या हाताने कागदावर उतरवी, वजाबाकी करी आणि पावतीशी ताडून पाही. भाईने त्याला खुर्ची दिली. तो बसत नसे.

"सासुरवाशिणीसारखं वाटतंय," भाई फोनवर म्हणाला. "भाकरी केली की सासू मोजून राह्यली."

"जाईल काही दिवसांनी."

"कशानं जाईल ताई? रोज बराबर आलं तरी तो म्हणणार, कालपण कधी कधी बराबरच येत होतं."

ते खरे होते.

माझी अस्वस्थता दुसरीच होती. ती एक पाटी आता कंपायलर वाचत होता. पण तो ज्या ज्या गोष्टी न समजल्यामुळे गाळून पुढे जात होता, त्या आणखी किती तरी होत्या. मी त्याचा मजकूर वरपासून खाली वाचायला घेतला. जिथे जिथे "हे सोडून द्या" असे काम होते तिथे थांबत गेले. काही जागी सोडून देणे निर्धोक होते. काही जागी ते आज निर्धोक होते आणि पुढच्या आवृत्तीत असेलच असे नव्हते. काही जागी मला ठरवता येईना. भाषांतराची कामे मागे पडली. एका प्रकाशनाने दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा विचारले नाही. बाजारातून भाजी आणायला निघावे आणि जिन्यातच एखादी ओळ आठवून परत फिरावे, असे व्हायला लागले. माझ्या माहितीतला काटा एक होता. माझ्या माहितीत नसलेले काय काय या कंपायलरवर चालत होते, हे मोजता येणार नव्हते.

शेवटी मी बदल असा केला, की सिस्टीमची अशी सूचना, जी प्रोग्रामचे वागणे बदलू शकते आणि जी कंपायलरला समजत नाही, ती आली की त्याने पुढे जायचे नाही. थांबायचे. कोणती ओळ समजली नाही ते सांगायचे आणि काम बंद.

बदल मी त्या एका अक्षराच्या माणसाला पाठवला. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते. न समजलेले सोडून देतो म्हणूनच हा कंपायलर हलका आहे. हे घेतले तर काल चालत असलेले निम्म्या लोकांचे प्रोग्राम उद्या चालणार नाहीत.

मी लिहिले की निम्म्यातले काही आजही चालत नाहीत, फक्त त्यांना ते माहीत नाही. मग शहागडच्या ट्रॉलीची आणि एका हमालाच्या वीस क्विंटलांची हकीकत लिहिली. कापूस, सरकी, हमाल हे शब्द त्याला इंग्रजीत समजावून सांगण्यात माझी संध्याकाळ गेली. बरेच दिवस उत्तर आले नाही. त्या काळात मी मेल इतक्या वेळा उघडून पाहिला की शेवटी फोन दुसऱ्या खोलीत ठेवू लागले आणि दर वेळी उठून तिकडे जाऊ लागले. मग एक दिवस कोणतेही उत्तर न देता त्याने बदल मुख्य मजकुरात घेतला.

तक्रारी आल्या. काहींनी चांगल्या भाषेत केल्या. एकाने लिहिले की इतकी वर्षे मुकाट्याने काम करणाऱ्या साधनाला आता तोंड फुटले आहे. मी एकेक सूचना घेऊन ती कंपायलरला समजावत राहिले. एक संपवली की दुसरी यायची.

भाईला मी स्पष्ट सांगितले होते. हंगामात नवा कंपायलर टाकू नको. टाकलास तर तो कधीही थांबेल. त्याने विचारले, "थांबला तर सांगून थांबंल?" मी हो म्हणाले. त्याने त्याच दिवशी टाकला.

मग पावती छापायचे यंत्र बदलावे लागले, त्यासाठी सिस्टीम अद्ययावत करावी लागली, प्रोग्राम पुन्हा कंपायलरमधून काढावा लागला आणि एका सकाळी फोन आला. मागे हॉर्न वाजत होते. भर हंगाम, काट्यावर रांग.

"ताई, अडकला."

"काय म्हणतोय?"

"एक ओळ दाखवतोय. लाल. म्हणतोय, ही मला समजत न्हाई, मी पुढं जाणार न्हाई."

"कोणती ओळ? फोटो पाठव."

"मुनीमजी पाठवून राह्यले, त्यांचा मोबाइल चांगला हाय. सकाळपासून पडद्यापुढं उभे हायेत. दोनदा वाचून काढली ओळ. मला म्हणले, हे आधी असं का बोलत नव्हतं?"

मी लॅपटॉप उघडला. फोटो आला. वेळेशी संबंध नसलेली, पावतीच्या यंत्राच्या नव्या तारेसाठी आलेली एक सूचना होती. ती समजावायला किती वेळ लागेल हे मला त्या क्षणी सांगता येत नव्हते.

"भाई, वेळ लागेल. पावत्या हातानं लिही."

"लिहून राह्यलो. मुनीमजी वजाबाकी करतात, मी सही करतो."

"शेठच्या ट्रॉल्या?"

खिडकी उघडल्याचा आवाज आला, बाहेरचे हॉर्न मोठे झाले.

"दोन हायेत रांगेत," तो म्हणाला. "पुलाकडं वळायला जागा होती. वळल्या न्हाईत. ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन राह्यले."

"बरं," मी म्हणाले. "मग मी बसते."

"बसा. जल्दी करू नका."

फोन ठेवला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.